सेमिस्टरची परीक्षा: छाटणीपासून फोटोकॉपीपर्यंत

ऑक्टोबर लागला की तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडं द्राक्षबागांची गोडी छाटणी सुरू होते आणि त्याच सुमाराला कॉलेजच्या नोटीस बोर्डावर परीक्षेचं वेळापत्रक झळकतं. दुसरी सेमिस्टर संपते तेव्हा मार्च-एप्रिल असतो. म्हणजे काढणी, बेदाण्याचं शेड, मागोमाग खरड छाटणी, गावची जत्रा आणि भावकीतली लग्नं. विद्यापीठानं ठरवून केलंय असं वाटावं, इतकं हे दोन्ही वेळा जुळून येतं. सांगली जिल्ह्यात इतिहास शिकवताना, सुपरव्हिजन करताना आणि पेपर तपासताना मी एवढी वर्षं हेच बघत आलोय.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला माझ्या वर्गात कुंडलच्या बाजूचा एक मुलगा होता. पणजोबा इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेत होते, घरात त्या काळाच्या गोष्टी ऐकतच तो वाढलेला. प्रतिसरकारावर त्याला वर्गासमोर उभं केलं तर तास संपेपर्यंत बोलला असता. त्याच पेपरात तो नापास झाला. चाळीसपैकी तेरा. का, ते पुढं येईलच. पण तेव्हापासून मी पोरांना एकच सांगतो. तुमचे गुण न येण्यापेक्षा न लिहिण्यानं जास्त जातात. आपण सेमिस्टरभर वाचतो, ऐकतो, मोबाईलवर व्हिडिओ बघतो, आणि घड्याळ लावून हातानं लिहायची पहिली वेळ येते ती थेट परीक्षा हॉलमध्ये. बैलाला शर्यतीच्या दिवशीच पहिल्यांदा गाडीला जुंपण्यातला हा प्रकार आहे.

आधी पेपर कसा असतो ते बघा, मग पुस्तक उघडा

अभ्यासाला बसायच्या आधी दोन कागद हातात पाहिजेत. सिलॅबस आणि मागच्या प्रश्नपत्रिका. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली सुरू झालं, आणि आता कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे त्याच्याकडं आहेत. आपली बहुतेक कॉलेजं त्याला संलग्न आहेत आणि सिलॅबस विद्यापीठाच्या वेबसाइटवर मिळतो. तुमचं कॉलेज स्वायत्त असेल तर सिलॅबस आणि पेपर दोन्ही कॉलेजचेच असतात. साताऱ्याची तीन कॉलेजं तर आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात गेली आहेत. त्यामुळं शेजारच्या कॉलेजातल्या मित्राच्या नोट्स झेरॉक्स मारण्याआधी त्याचं आणि तुमचं विद्यापीठ एकच आहे का, पेपरचा कोड तोच आहे का, हे बघा. हसू नका. जुन्या सिलॅबसचं गाईड पाठ करून आलेले विद्यार्थी मी दर वर्षी बघतो.

सिलॅबसमध्ये प्रत्येक युनिटसमोर तासिकांचा आकडा असतो. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तासिका, म्हणजे दोन क्रेडिटच्या पेपरला ३० आणि चारच्याला ६०. ज्या युनिटला तासिका जास्त, त्याला पेपरात साधारण जागाही जास्त. आता मागच्या चार-पाच प्रश्नपत्रिका घ्या. कॉलेजच्या ग्रंथालयात फाइल असते, नाहीतर सीनियरकडं मिळतात. एका कोऱ्या पानावर युनिट उभे मांडा, परीक्षा आडव्या, आणि कुठला प्रश्न कुठल्या युनिटमधून, किती गुणांना आला ते चौकटीत भरत जा. तासाभराचं काम आहे. ते झालं की 'आयएमपी' विचारत फिरायची गरज उरत नाही, कारण तो कागदच तुमचा आयएमपी.

एक सावधगिरी मात्र घ्या. हा कागद बघून एखादा युनिट पूर्ण सोडायचा मोह होतो. 'कुठलेही दोन सोडवा' असा पर्याय असला तर एक युनिट सोडून भागतं, हे गणित कागदावर बरोबर दिसतं. पण बहुपर्यायी प्रश्न सगळ्या युनिटमधून येतात, आणि तुम्ही धरून चाललेला प्रश्न वाकडा करून विचारला तर हातात दुसरं काहीच नसतं. सोडायचाच झाला तर त्या युनिटच्या व्याख्या, सनावळ्या, सूत्रं तेवढी करा. निबंधवजा प्रश्न सोडा.

फॉर्म

हा भाग कंटाळवाणा आहे, उरकून घेऊ. परीक्षेचा फॉर्म मुदतीत भरा, लेट फी उगाच का द्यायची. फॉर्ममध्ये नाव, आईचं नाव, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) आणि प्रत्येक पेपरचा कोड स्वतः तपासा. सायबर कॅफेवाल्यावर सोपवू नका. मागच्या सेमिस्टरचा विषय राहिला असेल तर त्याचा फॉर्म वेगळा भरायचा असतो. चालू सेमिस्टरचा भरला की जुना आपोआप भरला जात नाही. क्रेडिट जमा व्हायला लागणारा एबीसी (अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी काढलेला नसेल तर आत्ताच काढा आणि त्यावरचं नाव मार्कलिस्टशी जुळतंय का बघा. हॉल तिकीट आलं की त्यावरचे विषय फॉर्मशी ताडून पाहा. चूक निघाली तर त्याच दिवशी ऑफिसात जा. पेपरच्या सकाळी खिडकीपुढं उभं राहून काही होत नाही.

अंतर्गत गुणांचंही तसंच. होम असाइनमेंट, सेमिनार, चाचणी यांचे गुण थिअरी सुरू व्हायच्या आधीच ठरलेले असतात. तिथं दहापैकी आठ मिळवायला लागणारे कष्ट आणि पेपरात तेच आठ मिळवायला लागणारे कष्ट यांची तुलना एकदा करून बघा.

दिवस मोजायचे कसे

पहिला पेपर ज्या तारखेला आहे तिथून मागं मोजत या. सहा आठवडे हाताशी असतील तर उत्तम, चारातही भागतं. पण वेळापत्रक करताना पोरं एक घोटाळा करतात. महिन्याचे तीस दिवस, रोजचे आठ तास, म्हणजे २४० तास, असा हिशेब मांडतात आणि तिसऱ्या दिवशी सगळं कोलमडतं. कारण घरात बाग आहे.

छाटणीच्या दिवसांत मजूर मिळाले नाहीत की घरची सगळी माणसं बागेत असतात. छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला तर डाऊनी रोगाच्या धास्तीनं रात्री-अपरात्री फवारणी. विजेचंही तसंच, शेतीपंपाची लाइन ज्या वेळी असेल त्या वेळी कुणीतरी मोटार चालू करायला जातंच, आणि ते 'कुणीतरी' बहुधा कॉलेजला जाणारं पोरगंच असतं. म्हणून आधी घरी बसून वडिलांशी बोला. कुठले दिवस मी बागेत असणार, कुठले नाही, हे त्यांच्या आणि तुमच्या कॅलेंडरवर एकदम लिहा. 'दादा, बारा तारखेपासून मला सकाळचं सोडा, संध्याकाळी दोन तास येतो' असं महिनाभर आधी सांगितलं तर बहुतेक घरांत ऐकलं जातं. आदल्या दिवशी सांगितलं तर भांडण होतं. मुलींच्या बाबतीत हे जास्तच खरं आहे, कारण त्यांचं घरकाम कुणी कॅलेंडरवर धरतच नाही. दिवाळीचा फराळ आणि पाहुणे आले की अभ्यास त्यांचाच बुडतो. त्यांनी तर हे बोलणं आईशी आणि वडिलांशी, दोघांशी करावं.

मग जे तास उरतील तेवढेच खरे धरा. दिवसाला चार निघाले तर चार. त्यातला पहिला दीड तास सगळ्यात अवघड विषयाला, डोकं ताजं असताना. दर रविवारी अर्धा दिवस मोकळा ठेवा. आराम करायला नाही, आठवड्यात जे राहून गेलं ते भरून काढायला. राहतंच.

जागेचंही बघा. विश्रामबाग, मिरज, कॉलेज कॉर्नर या भागात पैसे भरून बसायच्या अभ्यासिका बऱ्याच आहेत. तिथं स्पर्धा परीक्षेवाली गर्दी असते, शांतता मिळते, पण चहाच्या टपरीवरचे तासही मिळतात. कॉलेजच्या ग्रंथालयाची रीडिंग रूम परीक्षेच्या काळात जास्त वेळ उघडी ठेवतात का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी ठेवतात. जत, आटपाडी, शिराळ्याकडून रोज एसटीनं येणाऱ्यांचा बराच वेळ प्रवासात जातो. त्यात वाचून डोकं दुखत असेल तर वाचू नका. डोळे मिटून कालचा धडा मनातल्या मनात सांगत या. त्याचा वाचनापेक्षा जास्त उपयोग होतो, आणि त्यामागं कारण आहे.

पुस्तक मिटून लिहा

हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत आणि दिवसांत फार भराभर विसरतं, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. हे आपल्याला अनुभवानं माहीत असतंच. त्यावरचा उपाय कुठला, ते २००६ साली अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी नीट मांडलं. त्यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानंतर घेतली तेव्हा चित्र उलटं झालं, आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलेलं होतं.

पाच मिनिटांनी वाचणारे पुढं असतात, तीच आपली फसगत. तिसऱ्यांदा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात आणि आपण म्हणतो, झालं. ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं. गल्लीतला माणूस समोर आला की ओळखता येतो, म्हणून त्याचं चित्र काढता येत नाही.

तर रोजची पद्धत अशी ठेवा. एक मुद्दा वाचा, वीस-पंचवीस मिनिटं. पुस्तक मिटा. कोऱ्या पानावर आठवेल ते लिहा, नुसते मुद्दे चालतील. अडलं तरी पुस्तक लगेच उघडू नका, दोन मिनिटं झगडा. मग उघडा आणि जे सुटलं ते लाल पेननं त्याच पानावर भरा. ते लाल लिहिलेलंच तुमचं उद्याचं काम. उद्या फक्त तेवढं आठवायचा प्रयत्न करा, तीन-चार दिवसांनी पुन्हा, आठवड्यानं पुन्हा. अशी पानं एका फाइलला लावत गेलात तर शेवटच्या आठवड्यात पुस्तक उघडावंच लागत नाही, लाल शाई तेवढी वाचायची.

आमच्या विषयातलंच उदाहरण घेतो. 'सातारच्या प्रतिसरकारवर टीप लिहा', पाच गुण. आपल्याकडच्या मुलांना हा प्रश्न म्हणजे घरचाच वाटतो. सांगली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता, १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं, तेव्हा 'सातारचं' असलं तरी ते आपलंच. पण पोरं लिहितात काय? 'नाना पाटील हे थोर क्रांतिकारक होते. त्यांनी इंग्रजांना सळो की पळो करून सोडले. त्यांचे कार्य अतुलनीय आहे.' पाऊण पान असंच. तपासणाऱ्याला गुण द्यायला जागाच सापडत नाही. तो काय शोधतो? काळ, म्हणजे १९४३ ते १९४६. पार्श्वभूमी, ऑगस्ट १९४२ ची चळवळ आणि नेत्यांची धरपकड. नेतृत्व, क्रांतिसिंह नाना पाटील. संघटन, तुफान सेना. काम, गावोगावची न्यायदान मंडळं, दारूबंदी, कमी खर्चाचे विवाह. ठळक घटना, १९४३ मधली शेणोलीची रेल्वे लूट किंवा १९४४ मधली धुळ्याची खजिना लूट. लोकांच्या तोंडचं 'पत्री सरकार' हे नाव. शेवटी एक वाक्य महत्त्वाबद्दल, की हे नुसतं आंदोलन नव्हतं, गावात चालणारा पर्यायी कारभार होता. हे सात-आठ मुद्दे दीड पानात बसतात. यातले पाच आले तरी तीन-चार गुण कुठं जात नाहीत.

असा सांगाडा प्रत्येक संभाव्य प्रश्नाचा करायचा. पूर्ण उत्तर पाठ करायचं नाही. पाठ केलेल्या उत्तराचा एक शब्द अडला की गाडी जागेवर थांबते, सांगाड्यातला एक मुद्दा विसरला तर पुढच्यावर जाता येतं. विज्ञानवाल्यांनी सांगाड्यात आकृती आणि सूत्र आधी धरावं. उदाहरणात उत्तर चुकलं तरी सूत्र, किमती घालणं, एककं यांना गुण असतात, म्हणून पायरी गाळू नका. कॉमर्सच्या मुलांना एकच सांगेन. ताळेबंद जुळत नसेल तर जुळवत बसू नका, कार्यटिपा नीट दाखवा आणि पुढं चला. ताळेबंदापायी अर्धा पेपर सोडून आलेली पोरं मी पाहिली आहेत.

माध्यमाबद्दल. मराठीतून लिहायची सोय असेल आणि मराठीत विचार येत असतील तर बेधडक मराठीत लिहा. पण एका पेपरात दोन भाषांची खिचडी नको. पारिभाषिक शब्द तेवढे दोन्ही भाषांत माहीत असू द्या, कारण प्रश्नपत्रिकेतलं मराठी भाषांतर कधीकधी इतकं जड असतं की इंग्रजी वाचल्यावरच प्रश्न कळतो. मराठी वाचून गोंधळ झाला तर खालचा किंवा वरचा इंग्रजी प्रश्न नक्की वाचा.

घड्याळ

आता त्या चाळीसपैकी तेराकडं येऊ. विद्यार्थ्यानं पुढं उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी काढली आणि माझ्याकडं घेऊन आला. पहिला दहा गुणांचा प्रश्न आठ पानं लिहिला होता. सुंदर अक्षर, उपशीर्षकं, खाली रेघा. दहापैकी सात. दुसरा प्रश्न अडीच पानांवर आटोपला होता, टिपांमध्ये दोनच लिहिल्या होत्या, त्याही चार-चार ओळी. आणि शेवटच्या पानावर 'क) प्रतिसरकार:' एवढंच. पुढं कोरं. घंटा झाली होती.

याला ज्ञान कमी पडलं असं कोण म्हणेल? मिनिटं कमी पडली.

म्हणून हिशेब आधी, घरी. समजा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा आहे. एकूण १२० मिनिटं. प्रश्नपत्रिका वाचायला आणि शेवटी तपासायला मिळून २० बाजूला काढा. राहिली १००. म्हणजे गुणाला अडीच मिनिटं. दहा गुणांच्या उत्तराला २५, पाच गुणांच्या टिपेला बारा-साडेबारा. बहुपर्यायी प्रश्न गुणाला एका मिनिटात होतात, त्यातून वाचलेली मिनिटं गंगाजळी म्हणून ठेवा. पेपर ८० गुणांचा, तीन तासांचा असेल तर त्याच हिशेबानं गुणाला दोन मिनिटं पडतात.

आता तुमचा स्वतःचा वेग मोजा. मोबाईलवर वेळ लावून, परीक्षेतल्यासारखं एक पान लिहा. माझ्या वर्गात बहुतेकांना आठ ते दहा मिनिटं लागतात. म्हणजे दहा गुणांचं उत्तर अडीच-तीन पानांचं. आठ पानांचं असूच शकत नाही, कितीही येत असलं तरी. हा आकडा एकदा कळला की काय गाळायचं ते आपोआप कळतं.

यानंतर प्रत्येक विषयाचा निदान एक पूर्ण पेपर घरी सोडवा. जुनी प्रश्नपत्रिका, कोरे फुलस्केप, दोन तास, मोबाईल दुसऱ्या खोलीत. जमलं तर ज्या वेळेला खरा पेपर आहे त्याच वेळेला. एप्रिलमध्ये दुपारचा पेपर असेल तर पत्र्याच्या खोलीत दुपारी लिहून बघाच. घामानं हात कागदाला चिकटतो, त्यासाठी हाताखाली रुमाल लागतो, या गोष्टी आधी कळलेल्या बऱ्या. पहिल्या खेपेला पेपर पुरा होणार नाही. मनगट दुखेल. दुसऱ्या खेपेला थोडा पुढं जाईल. तपासायला मित्राला द्या आणि त्याचा तुम्ही तपासा. दुसऱ्याचा पेपर तपासताना जे कळतं ते कुठल्याही व्याख्यानात कळत नाही.

आदला दिवस

नवीन काही वाचू नका, लाल शाईची पानं चाळा. हॉल तिकीट, ओळखपत्र, एकाच शाईची दोन-तीन चालती पेनं, पट्टी, साधं काटेवालं घड्याळ हे सगळं रात्रीच पिशवीत भरा. स्मार्टवॉच चालत नाही. कॅल्क्युलेटर कुठला चालतो ते आधी विचारा. केंद्र तुमचंच कॉलेज आहे की दुसरं, हे हॉल तिकिटावर पुन्हा वाचा.

प्रवासाचं मात्र मनावर घ्या. 'साडेनऊची गाडी अकराच्या पेपरला पोचवते' असा हिशेब परीक्षेला चालत नाही. त्या गाडीच्या आधीची गाडी धरा. उसाचा हंगाम सुरू झालेला असेल तर रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, आयर्विन पुलाच्या बाजूनं येणाऱ्यांना गर्दी लागते, आणि वाटेत टायर फुटला तर पेपर थांबत नाही. सलग पेपर असतील आणि गाव लांब असेल तर त्या आठवड्यापुरतं सांगली-मिरजेत मावशीकडं, मित्राच्या खोलीवर राहायची सोय बघा.

झोपा. रात्रभर जागून वाचलेलं सकाळी सरमिसळ होऊन बाहेर येतं. सकाळी पोट भरून पण हलकं खा. भडंगावर पेपर निघत नाही, आणि मिसळ खाऊन बसू नका, एवढं अनुभवानं सांगतो.

हॉलमध्ये

बेंचवर बसल्यावर पहिलं काम खाली आणि आजूबाजूला बघायचं. कुणाची चिठ्ठी पडलेली असेल तर लगेच सुपरवायझरना सांगा. बेंचवर काही लिहिलेलं असेल तरी सांगा. नंतर सापडलं तर ते तुमचं नव्हतं हे पटवणं अवघड जातं. मोबाईल बंद करून खिशात ठेवला तर चालतो अशी एक समजूत आहे. चालत नाही. जवळ सापडला की प्रकरण होतं. महाराष्ट्रात परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि विद्यापीठ आपल्या नियमांप्रमाणं त्या पेपरची, प्रसंगी सगळ्या परीक्षेची कामगिरी रद्द करू शकतं. सहा महिन्यांच्या मेहनतीसमोर एक चिठ्ठी फार महागात पडते.

उत्तरपत्रिका आली की पानं मोजा, फाटकी-कोरी बघा. आसन क्रमांक अक्षरी आणि अंकी, पेपरचा कोड, विषय सावकाश भरा. बारकोडवर लिहू नका, त्याच्याशी खेळू नका. आणि आपल्याकडची एक जुनी सवय इथं मोडावी लागेल. पहिल्या पानावर 'श्री', 'ॐ', कुलदैवताचं नाव लिहायचं नाही. देवाचा राग नाही, पण तपासणाऱ्याला विद्यार्थी ओळखू येईल अशी कुठलीही खूण उत्तरपत्रिकेत नको असते. शेवटी 'सर, पास करा, घरची परिस्थिती बिकट आहे' असं लिहिणारेही असतात. त्यानं गुण वाढत नाहीत, खूण म्हणून प्रकरण मात्र होऊ शकतं. नमस्कार मनात करा.

प्रश्नपत्रिका हातात आली की आधी कोड जुळवा. मागच्या वर्षीचा किंवा दुसऱ्या विषयाचा कागद चुकून आला तर पंधरा मिनिटं लिहून झाल्यावर कळण्यात अर्थ नाही. मग पूर्ण वाचा, शेवटच्या प्रश्नापर्यंत. 'कोणतेही दोन', 'कोणतेही चार' या शब्दांखाली रेघ मारावी वाटेल, पण प्रश्नपत्रिकेवर काही लिहायला परवानगी आहे का ते तिथल्या सूचनेत बघा. नसेल तर बोटानं मोजा. कुठले प्रश्न सोडवणार ते ठरवा आणि कितीला कुठला संपायला हवा त्या वेळा रफ वर्कच्या पानावर लिहा. अकराचा पेपर असेल तर 'प्र. २ – ११.४५' अशा.

सुरुवात बहुपर्यायी प्रश्नांनी करा, पण जिथं अडेल तिथं खूण करून पुढं जा. मग जे सर्वात चांगलं येतं ते. वेळ झाली की वाक्य पूर्ण करून थांबा, खाली चार-पाच ओळी मोकळ्या सोडा, पुढचा प्रश्न नव्या पानावर घ्या. वेळ उरला तर परत यायला ती जागा. दहातले सात मिळाल्यावर आठवा मिळवायला पंधरा मिनिटं लागतात. कोऱ्या टिपेतले पहिले दोन-तीन गुण पाच मिनिटांत मिळतात. हे तपासणारा म्हणून सांगतोय.

प्रश्नाचा क्रमांक आणि उपप्रश्न समासात ठळक लिहा. हजारो उत्तरपत्रिका ठरलेल्या दिवसांत तपासायच्या असतात. तपासणारा माणूस दुष्ट नसतो, थकलेला असतो. त्याला मुद्दा शोधायला लावू नका. परिच्छेद लहान ठेवा, सन, नावं, व्याख्या यांखाली पेन्सिलनं रेघ मारा, दोन उत्तरांमध्ये जागा सोडा. अक्षर मोत्यासारखं नसलं तरी चालतं, सुटसुटीत हवं. चुकलेलं एका तिरक्या रेघेनं खोडा, काळं करू नका. पुरवणी घेतली तर तिचा क्रमांक मुख्य उत्तरपत्रिकेवर लिहा आणि दोरा घट्ट बांधा. शेवटच्या दहा मिनिटांत नवीन प्रश्न सुरू न करता निदान क्रमांक, कोड, राहिलेले उपप्रश्न बघून घ्या. एखादी टीप राहिलीच असेल तर वाक्यं न रचता मुद्दे उतरवा, क्रमांक घालून. नुसत्या मुद्द्यांनाही गुण मिळतात, कोऱ्याला नाही.

डोकं एकदम रिकामं झालं तर, होतं असं, पेन खाली ठेवा, पाणी प्या, आणि सगळ्यात लहान प्रश्न घ्या. एक ओळ लिहिली की पुढची येते. तब्येतच बिघडली तर सुपरवायझरना सांगायला लाजू नका.

दिव्यांग विद्यार्थ्यांना लेखनिकाची आणि तासाला निदान २० मिनिटं जादा वेळेची सोय केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. प्रमाणपत्रासह अर्ज कॉलेजकडं बराच आधी द्यायचा, पेपरच्या दिवशी मागून मिळत नाही. परीक्षेच्या तोंडावर अपघातानं हात मोडला असेल तर डॉक्टरांचा दाखला घेऊन लगेच प्राचार्यांना भेटा, कॉलेजला विद्यापीठाशी बोलायला वेळ मिळाला पाहिजे.

बाहेर आल्यावर

गेटवर उभं राहून उत्तरं जुळवू नका. हे कुणी ऐकत नाही, तरी लिहितो. पुढचा पेपर उद्या असेल तर घरी जाऊन तासभर झोपा, मग बसा.

निकालात गुण अपेक्षेपेक्षा फार कमी वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. मुदत थोडी असते, निकाल लागला त्याच दिवशी तारीख बघून ठेवा. फोटोकॉपी आली की तीन गोष्टी तपासा. एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, आतले गुण पहिल्या पानावर बरोबर उतरलेत का, बेरीज बरोबर आहे का. त्यातलं काही सापडलं, किंवा विषय शिकवणाऱ्या सरांना, मॅडमना दाखवल्यावर त्यांनाही गुण कमी वाटले, तर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा. नुसतं 'मला वाटतं' म्हणून पैसे घालवू नका. आणि केटी लागलीच, म्हणजे विषय राहिलाच, तर तीच फोटोकॉपी पुढच्या खेपेचं सगळ्यात चांगलं पुस्तक आहे.

तो मुलगा फोटोकॉपी घेऊन आला तेव्हा आम्ही दोघांनी बसून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात अंदाजे किती मिनिटं गेली असतील ते लिहिलं. पहिल्या प्रश्नाला पासष्ट निघाली. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज त्यानं केलाच नाही. पुढच्या परीक्षेच्या वेळी त्यांच्या बागेत काढणी चालू होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो क्रेट पालथा घालून त्यावर फुलस्केप ठेवायचा आणि त्याची आजी बांधावर मोबाईल घेऊन बसायची. पंचवीस मिनिटं झाली की ती ओरडायची, "बाळा, बास कर, म्होरलं घे."